सायकल, टेकडी आणि दोन मित्र
(पुकेकोहे येथील दिवाळी संमेलनातील मनोगत)



मी पेशाने आयटीवाला. सायकलचं वेड लावलं पुण्यातल्या दोन कॉलेजमित्रांनी. सिंहगडाचा घाट चढून, भजी खाता खाता तिघांनी मनाली-लेहचा, पाच हजार मीटरवरच्या खिंडींचा बेत केला होता. मी इकडे आलो, बेत राहिला. पुढे एकाच अपघातात दोघंही गेले. मला पोहोचतासुद्धा आलं नाही.

मग पापारोआ ट्रॅकबद्दल वाचलं. 19 नोव्हेंबर 2010 रोजी पाइक रिव्हर खाणीत स्फोट होऊन 29 जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ, घरच्यांच्या इच्छेने, डोंगरमाथ्यावरून ही 55 किलोमीटरची वाट झाली. 2020 पासून ती पायी आणि माउंटन बाइकने करता येते. पुतळ्याला हार घालून लगेच परतता येतं. इथे घाम गाळावा लागतो. मला ते पटलं.

म्हणून दर रविवारी पहाटे आपली पुकेकोहे टेकडी चढतो. उंची जेमतेम 222 मीटर, म्हणून सहा वेळा! पहिले दोन चढ त्या दोघांसाठी, उरलेले माझ्या पोटासाठी.

मार्चमध्ये पापारोआला निघतोय. गाडीवरच्या रॅकमध्ये तीन सायकली बसतात. दोन जागा रिकाम्या आहेत. कोण येतंय?

शुभ दीपावली!