तक्त्यातले हृदय आणि छातीतले हृदय



शाळेच्या भिंतीवर टांगलेला हृदयाचा तक्ता आपण पाहिला असेलच. तो पाहून वाटते, की साऱ्या माणसांची हृदये एकाच साच्यातून काढलेली असावीत. तसं नसतं.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. हृदय अष्टौप्रहर रक्ताने भरलेले असते. पण आत भरलेल्या त्या रक्तावर त्याच्या जाड स्नायूचे पोषण होत नाही. मोटेचे बैल आठवा. सारा मळा ते भिजवीत, पण त्यांना पाणी वेगळं पाजावंच लागे! तसेच हे. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीला उगमापाशीच दोन बारीक रोहिण्या फुटतात. एक उजवी, एक डावी. त्या हृदयावर पसरून त्यालाच रक्त पुरवतात.

आता हृदयाच्या मागच्या-खालच्या भागाला रक्त कोण देतं? शेकडा ७० ते ८५ माणसांत उजवी देते. शेकडा १०च्या आसपास माणसांत ते काम डावी करते, आणि बाकीच्यांत दोघी मिळून करतात. मळा तसाच, पाट मात्र निराळे! यात रोग काही नाही. पण एखादी रोहिणी तुंबली, तर नुकसान किती होणार हे या पाटांवरही अवलंबून असते. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे डॉ. मेसन सोन्स एका रुग्णाची तपासणी करीत असता, क्ष-किरणांत दिसणारे औषध अवचित उजव्या रोहिणीत गेले. रुग्ण बचावला, आणि जिवंत माणसाचे हे पाट नीट पाहण्याची वाट सापडली. तीच आजची अँजिओग्राफी.

काही वेगळेपण मात्र घातक असते. साधारण शंभरात एखाद्याच्या रोहिणीचा उगमच भलत्या जागी असतो. त्यांतल्या पुष्कळांना जन्मभर त्रास होत नाही. पण डावी रोहिणी उजव्या बाजूने निघून दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून गेली, तर जोराने धावताना तिच्यावर दाब येऊ शकतो. अमेरिकेचा नामांकित बास्केटबॉलपटू पीट मॅराविच याची गोष्ट याहून नवलाची. दहा वर्षे तो धंदेवाईक सामने खेळला. १९८८च्या जानेवारीत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मित्रांबरोबर खेळतानाच तो कोसळला आणि गेला. शवविच्छेदनात दिसले, की त्याला डावी रोहिणी जन्मतःच नव्हती. सारा भार एकट्या उजवीने वाहिला होता!

गुरुजी, बाई, हे सारं तुम्हांला मुद्दाम सांगितलं. कवाईत करताना, शर्यतीत धावताना एखादं पोर शुद्ध हरपून पडतं, किंवा छातीत दुखतं म्हणतं. 'उपाशी असेल', 'सोंग करतंय' असं म्हणून त्याला पुन्हा धावायला लावू नका. पडलेलं पोर हाकेला ओ देईना, श्वास नीट घेईना, तर छातीवर दाब देणं तात्काळ सुरू करा आणि १०८ला कळवा. सावध झालं, तरी त्याचं खेळणं थांबवून आईबापांकरवी डॉक्टरांकडे धाडा. आणि 'धावताना झालं' हे आवर्जून सांगायला लावा; कारण निजवून काढलेला हृदयाचा आलेख अशा मुलात पुष्कळदा निर्दोष येतो.

तक्ता शिकवा, जरूर शिकवा. पण समोर बसलेलं प्रत्येक हृदय त्या तक्त्याबरहुकूम असेल, असं मात्र धरून चालू नका.