पेशींची हाक आणि फुप्फुसाचा व्रण
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



फुप्फुसे हळूहळू कठीण होत जाण्याचा जो विकार आहे, ज्याला डॉक्टर पल्मनरी फायब्रोसिस म्हणतात, त्याच्या रुग्णांचे नातेवाईक आम्हांस बहुधा एकच प्रश्न विचारतात: नवे औषध निघाले आहे असे ऐकतो, ते मिळेल का? या प्रश्नाला केवळ होकार वा नकार देणे आम्हांस अपुरे वाटते, म्हणून आज त्यामागील शास्त्र आपल्यापुढे मांडत आहोत.

मेद म्हटला की आपणांस तेल, तूप आणि कोलेस्टेरॉल आठवते. परंतु काही सूक्ष्म मेदरेणू पेशींना हाक देण्याचे काम करतात. लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड, संक्षेपाने एलपीए, हा त्यांतील एक. ऊतीला इजा झाली की त्याचे प्रमाण वाढते आणि जखम सांधणाऱ्या तंतुजनक पेशी त्या दिशेने धावत येतात. ही हाक घडवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, ऑटोटॅक्सिन या नावाचे आहे. अमेरिकेत १९९२ मध्ये ते सापडले, तेही कर्करोगाच्या पेशींना चालते करणारे द्रव्य म्हणून; ते एलपीए तयार करते हे उमगण्यास आणखी दहा वर्षे लागली. पेशींच्या पृष्ठभागावरील दुसरी विकरे हाच रेणू काही मिनिटांत मोडून टाकतात. हाक देणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर शमवणेही.

मात्र हाकेचा अर्थ ठरतो तो ऐकणाऱ्यावर. एलपीएला ओळखणारे सहा ग्राही आजवर ज्ञात आहेत, आणि कोणत्या पेशीवर कोणता ग्राही आहे यावर परिणाम अवलंबून असतो. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की ज्या उंदरांत पहिला ग्राही, म्हणजे एलपीए-१, नव्हता, त्यांची फुप्फुसे इजेनंतरही पुष्कळशी मऊ राहिली. या विकाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रवातही एलपीए वाढलेले आढळले. जखम भरून आल्यावरही हाक थांबत नाही, आणि व्रणाचे धागे श्वासाची जागा घेत जातात, असे चित्र त्यातून उभे राहिले.

मग हाक देणाऱ्यालाच गप्प केले तर? विचार मोहक होता. झिरिटॅक्सेस्टॅट या औषधाने ऑटोटॅक्सिन अडवले जाते. २३ रुग्णांवरील छोट्या अभ्यासाचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक होते. त्यानंतर तेराशेहून अधिक रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. फुप्फुसक्षमतेची घट मंदावली नाही, आणि लाभापेक्षा धोका अधिक ठरतो असा स्वतंत्र देखरेख समितीचा निर्वाळा होता. रक्तातील एलपीए घटवता येते, एवढ्याने रुग्ण बरा होत नाही, हे कटू सत्य त्यातून समोर आले. हेच विकर मुळीच नसलेले उंदीर गर्भातच दगावतात, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या नीट घडत नाहीत. इतक्या कामांत गुंतलेल्या रेणूला सरसकट अडवताना सावधगिरी हवीच.

दुसरा मार्ग ऐकणाऱ्याचा कान झाकण्याचा. एलपीएचाच नातलग असलेल्या स्फिंगोसिन-१-फॉस्फेटच्या बाबतीत तो यशस्वी झाला आहे. एका बुरशीतील द्रव्यावरून घडवलेले फिंगोलिमॉड २०१० मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरॉसिससाठी मान्य झाले. त्यामुळे लसिका ग्रंथींतील श्वेतपेशींना बाहेर पडण्याची हाक ऐकू येत नाही, आणि त्या मेंदूवर चालून जात नाहीत. फुप्फुसांसाठी एलपीए-१ अडवणारे एक औषध मात्र पित्ताशयाच्या दाहामुळे मध्येच सोडावे लागले. त्याच जातीचे सुधारित औषध ॲडमिलपॅरंट दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत अधिक मात्रेत फुप्फुसक्षमतेची घट मंद करताना दिसले, आणि २०२३ पासून त्याच्या मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. निरीक्षण उत्साहवर्धक आहे, परंतु २०१८ चा अनुभव आम्ही विसरलेलो नाही.

पिर्फेनिडोन आणि निंटेडॅनिब ही औषधे भारतात मिळतात. ती विकाराची गती मंदावतात. झालेला व्रण पुसत नाहीत, आणि ज्यांना मळमळ वा जुलाब होतात त्यांची मात्रा सांभाळावी लागते. म्हणून कोरडा खोकला आणि चालताना लागणारी धाप वयावर ढकलू नये, अशी आप्तजनांस आमची विनंती आहे. देणगीदारांच्या साहाय्याचा मोठा वाटा आम्ही श्वासक्षमतेच्या तपासणीवर, घरी वापरावयाच्या प्राणवायू यंत्रांवर आणि श्वसन-व्यायामाच्या वर्गांवर ठेवू इच्छितो. चाचणीतील औषध परदेशातून खासगीरीत्या मिळवून द्यावे, ही विनंती मात्र आम्ही मान्य करीत नाही. चाचणीत सहभागी होण्याची संधी योग्य मार्गाने उपलब्ध झाली, तर पात्र रुग्णांना आम्ही ते आपणहून कळवू.