निलगिरी लावावी, पण कोठे?



पावसाळा तोंडावर आला, की गावोगावी वृक्षारोपणाचे खड्डे खणले जातात. त्यांत कोणते रोप लावावयाचे, हे मात्र पुष्कळदा रोपवाटिकेत काय शिल्लक आहे यावरून ठरते. आज निलगिरीच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करू.

निलगिरी हे नाव आपल्या दक्षिणेतील डोंगरांचे, झाड ऑस्ट्रेलियाचे. तिची कमाल्डुलेन्सिस ही जात तेथील मरे आणि डार्लिंग नद्यांच्या काठी, पूरमैदानांत वाढते. पूर ओसरल्यावर ओल्या गाळात तिचे बी रुजते. मुळांशी पाणी साचले तरी ती तग धरते. पूर हुकला, तर खोल मुळांनी भूजल ओढून घेते. मरे नदीचे पूर धरणांनी अडले, तेव्हा तिची काठावरची वनेही सुकू लागली.

सामाजिक वनीकरणाच्या काळात निलगिरी आपल्या माळांवर व बांधांवर आली. सरळ वाढ, गुरांपासून निर्भयता, तोडल्यावर पुन्हा येणारा फुटवा हे तिचे गुण खरेच आहेत. परंतु नदीकाठच्या झाडाची तहान ती माळावर विसरत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात दोन प्रकारची भूमी आहे. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांनी उत्तर भाग समृद्ध केला, पण अतिरिक्त पाण्याने काही जमिनी पाणथळ व क्षारपड झाल्या. अशा ठिकाणी, कालव्याच्या पाझराजवळ, हे झाड उपयोगी पडू शकते. मात्र ते पाणी ओढते, क्षार जमिनीतच राहतात. म्हणून निचऱ्याचे चर हवेतच. उलट पारनेर, कर्जत, जामखेडच्या अवर्षणप्रवण गावांत विहिरीलगत निलगिरीची दाट लागवड करणे, म्हणजे पिण्याच्या पाण्याला वाटेकरी निर्माण करणे होय.

हिवरे बाजार दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविते. त्या ताळेबंदात झाडांचेही खाते असावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वैशाखात गावच्या विहिरींची पातळी मोजून घ्यावी आणि ते आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत. ओढ्यानदीच्या काठासाठी करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन ही आपली झाडे आहेतच. त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवले आहेत.

किती रोपे लावली, याची नोंद आपण आस्थेने ठेवतो. कोणते रोप कोणत्या पाण्यावर लावले, याचीही नोंद यापुढे ठेवू या.