पाण्याची नळी, हवेची तोफ



आम्ही शाळा थोडी पाहिली, यंत्रे पुष्कळ. म्हणून आमचे बोलणेही यंत्राचेच.

परदेशात काही हौशी मंडळी तुषार सिंचनाचा विजेचा व्हॉल्व्ह घेतात, विजेच्या जागी हातकळ बसवतात आणि कोंडलेल्या हवेने बटाटा उडवतात. हे व्हॉल्व्ह आणि या नळ्या आपल्या नाशिकच्या मळ्यांतही आहेत. उद्या आपल्या पोरांनाही हे सुचेल.

व्हॉल्व्हची युक्ती मोठी सुंदर. आत रबरी पडदा. त्याच्या दोन्ही अंगांना दाब. वर तो अधिक जागेवर पडतो, म्हणून वाट बंद. वरचा दाब जरासा सोडला, की खालचा जोर पडदा उचलतो. हे संघटनेच्या माणसाला निराळे शिकवावे लागत नाही!

धोका आहे तो नळीत. पीव्हीसीची नळी पाण्यासाठी केलेली. पाणी दाबाने फारसे आकसत नाही. नळी फुटताच दाब उतरतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबून बसते. नळी फुटली की तिच्या चिरफळ्या उडतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने १९८८ साली, उघड्यावरच्या अशा नळीत दाबाची हवा खेळवू नका, असे बजावले. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइडच्या नळीबंदुकांनी कित्येक मुलांचे डोळे दुखावले. तेथे हवा नव्हे, वायूचा भडका होता. पण नळीवरचा भरवसा तोच.

पोरांची जिज्ञासा मारू नका. व्हॉल्व्ह उघडून दाखवा, पाण्यावर चालवू द्या. हवा भरू लागले, तर हात धरा. भरपाईसाठी आम्ही आयुष्यभर भांडलो. भरपाईने बोट परत येत नाही, डोळाही नाही.