लॉरेटोचा धर्मगुरु

इ. स. १८३४ सालीं पीटर हेन्री लेम्के नांवाचे एक जर्मन धर्मगुरु अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानाच्या डोंगराळ अरण्यांतून घोड्यावर बसून चालले होते. अ‍ॅलेघेनी पर्वताच्या माथ्यावर लॉरेटो म्हणून एक खेडें आहे. तेथील वृद्ध रोमन कॅथलिक पाद्रीबोवांचा मदतनीस म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. वाटेंत त्यांना एक चमत्कारिक वाहन आढळलें. चाकें नसलेली, बर्फावरून ओढतात तसली घसरगाडी. तिला दोन घोडे जोडलेले. तींत विटका डगला घातलेला एक म्हातारा अर्धवट पहुडलेला आणि हातांत पुस्तक. पाहणाऱ्यास तो एखादा गरीब, आजारी शेतकरी वाटावा. लेम्के यांनीं विचारलें, लॉरेटोचे पाद्री ते आपणच काय? होय, असें उत्तर आलें. मग राजपुत्र गॅलिट्झिन ते आपणच? म्हातारा मोठ्यानें हंसला आणि तो थोर गृहस्थहि आपणच असल्याचें त्यानें कबूल केलें.

घोड्यावरून पडल्यामुळें या गृहस्थांचा पाय अधू झाला होता आणि घोड्यावर बसणें कायमचें सुटलें होतें. डोंगरांतल्या त्या वाटांवर चाकाची गाडी टिकाव धरीत नसे, म्हणून ही घसरगाडी. हंसण्याचें कारण मात्र समजावयास बरेंच मागें जावें लागतें.

दिमित्री गॅलिट्झिन याचा जन्म २२ डिसेंबर १७७० रोजीं हॉलंडमधील हेग शहरीं झाला. त्याचे वडील रशियाच्या सम्राज्ञी कॅथराइनचे तेथील वकील होते. घराणें रशियांतील पहिल्या प्रतीच्या सरदारांपैकीं. वडील स्वतः नव्या विचारांचे, फ्रेंच तत्त्वज्ञांचे स्नेही. दिदरो रशियास जातां-येतां त्यांच्याच घरीं उतरला होता. धर्माची चर्चा त्या घरांत फारशी होत नसे, आणि झालीच तर थट्टेनें. आई प्रशियाच्या एका सेनापतीची कन्या. मुलांना घेऊन ती जर्मनींतील म्युन्स्टर येथें जाऊन राहिली, आणि तेथें तिच्याभोंवतीं विद्वानांचें एक मंडळच जमलें. पुढें १७९२ सालीं गटेसारखा कवि तिच्याकडे पाहुणा म्हणून गेला होता. १७८६ मध्यें ती आपल्या बालपणींच्या कॅथलिक धर्माकडे परतली आणि पुढच्याच वर्षीं मुलानेंहि तो धर्म स्वीकारला. बाप्तिस्मा मात्र त्याला लहानपणीं रशियाच्या ऑर्थोडॉक्स पंथांत मिळालेला होता. ही गोष्ट पुढें त्याला किती महाग पडणार होती, याची त्या सतरा वर्षांच्या मुलाला कल्पना नसावी.

तरुणपणीं कांहीं काळ तो ऑस्ट्रियाच्या एका सेनापतीचा अंगरक्षक अधिकारी होता. ती नोकरी सुटल्यावर जगाचा अनुभव घेण्यासाठीं त्याला अमेरिकेस धाडण्याचें ठरलें. रॉटरडॅमच्या धक्क्यावर ऐन वेळीं त्याचा धीर खचला, आईनें निर्भर्त्सना केली, आणि त्या गडबडींत तो पाण्यांत पडून खलाशांनीं त्यास वर काढलें, अशी हकीकत त्याच्या चरित्रकारांनीं दिली आहे. २८ ऑक्टोबर १७९२ रोजीं तो बाल्टिमोर बंदरांत उतरला. प्रवासांत सरदारी नांवाचा बोभाटा नको म्हणून आईच्या ‘श्मेटाउ’ या माहेरच्या आडनांवाचें त्यानें ‘श्मेट’ केलें होतें. अमेरिकन लोकांच्या तोंडीं त्याचें ‘स्मिथ’ झालें. आपल्याकडे जोशी किंवा पाटील, तसा तिकडे स्मिथ. त्या गर्दींत माणूस सहज हरवावा.

त्याला हरवावयाचेंच होतें असें दिसतें. महिना उलटला नाहीं तोंच वडिलांच्या सगळ्या बेतांवर पाणी सोडून तो बाल्टिमोरच्या धर्मशिक्षणालयांत दाखल झाला. फ्रेंच राज्यक्रांतींतून निसटलेल्या पाद्र्यांनीं तें नुकतेंच काढलें होतें. मार्च १७९५ मध्यें बिशप जॉन कॅरोल यांनीं त्याला दीक्षा दिली. सर्व धर्मशिक्षण अमेरिकेंतच पुरें करून दीक्षा घेतलेला हा पहिला धर्मगुरु होय. आतां ते फादर स्मिथ झाले.

त्या वेळीं सबंध अमेरिकन संयुक्त संस्थानांना मिळून एकच कॅथलिक बिशप होता आणि धर्मगुरु बोटांवर मोजण्याइतके. दूर अरण्यांत पडलेल्या वस्त्यांना वर्षानुवर्षें मिस्सा ऐकावयास मिळत नसे. मुलें बाप्तिस्म्यावांचून वाढत आणि माणसें पापनिवेदनावांचून मरत. अ‍ॅलेघेनीच्या माथ्यावर कॅप्टन मॅग्वायर या स्वातंत्र्ययुद्धांतील शिपाईगड्यानें वसविलेली एक वस्ती अशीच होती. मरतांना त्यानें ४०० एकर जमीन देवळासाठीं ठेविली होती. उणीव होती ती धर्मगुरूची. १७९९ सालीं फादर स्मिथ तेथें कायमचे राहावयास गेले. सुगीच्या वेळीं आरंभ झालेलें देऊळ नाताळच्या आदल्या रात्रीं कसेंबसें उभें राहिलें : पाइनच्या ओंडक्यांचें, ४४ फूट लांब व २५ फूट रुंद. त्या रात्रीं तेथें पहिली मिस्सा झाली. इटलींतील प्रसिद्ध तीर्थावरून गांवाचें नांव पुढें लॉरेटो ठेवण्यांत आलें.

एवढ्यावर थांबले असते तर त्यांचें आयुष्य कष्टाचें पण बिनघोर गेलें असतें. पण त्यांना नुसतें देऊळ नको होतें, गांव हवें होतें. आयर्लंडहून आणि जर्मनींतून येणारीं निर्धन कुटुंबें शहरांत हमाली करून खंगतात, त्यांना स्वतःची शेती मिळावी, ही त्यांची तळमळ. म्हणून त्यांनीं हजारों एकर जंगल उधारीवर घेतलें आणि अल्प किंमतीनें, हप्त्यांनीं, पुष्कळदां तर फुकटच वांटून दिलें. करवतीची गिरणी काढली, पिठाची गिरणी काढली, कातडें कमावण्याचा कारखाना काढला. अरण्यांत रोख पैसा कोणाजवळच नसे. हप्ते थकत, आणि हा सावकार तगादा लावीत नसे. सगळा भरंवसा वडिलांच्या इस्टेटीवर.

राजवैभव टाकून जोगी झालेल्या गोपीचंदाची कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. पण गोपीचंदाला राज्य सोडल्यावर दुसऱ्यांच्या जमिनीचे हप्ते भरावे लागले नाहींत. फादर स्मिथ यांनीं वैभव टाकलें, तरी त्याच वैभवाच्या आशेवर इतरांचे संसार उभे केले. व्यवहारदृष्ट्या ही चूकच, आणि ती लहान नव्हे.

१८०३ सालीं वडील वारले. युरोपांत येऊन वारसा पदरांत पाडून घ्या, असा आप्तांचा आग्रह पडला. आई वाट पाहत होती. पण आपण गेलों तर या लोकांना धर्मगुरु कोण, या प्रश्नाला उत्तर नव्हतें, म्हणून ते गेले नाहींत. १८०६ मध्यें आईहि गेली. रॉटरडॅमनंतर मायलेकरांची भेट झालीच नाहीं. १८०८ सालीं रशियाहून निकाल कळला : ज्या अर्थीं हा कॅथलिक झाला व धर्मगुरूचा पेशा पत्करून बसला, त्या अर्थीं पित्याच्या मालमत्तेंत त्यास वांटा नाहीं. बहिणीनें अर्धा हिस्सा देण्याचें कबूल केलें आणि कांहीं काळ रकमा पाठविल्याहि; पण तिनें उशिरां लग्न केलें तें एका कर्जबाजारी जर्मन राजपुत्राशीं, आणि तो ओघ आटला.

याच सुमारास नांवाचाहि प्रश्न उभा राहिला. १८०२ मध्यें ते अमेरिकेचे नागरिक झाले होते ते ऑगस्टिन स्मिथ म्हणून. जमिनीचे व्यवहार त्याच नांवावर. खरें नांव पुन्हां धारण करण्यासाठीं कायदेमंडळाची संमति घ्यावी लागली व ती १८०९ सालीं मिळाली. राजपुत्राचें नांव परत आलें तें राजपुत्राची दौलत गेल्यानंतर एका वर्षानें!

ज्यांच्यासाठीं हें चाललें होतें ते सगळेच कृतज्ञ होते असें नव्हे. बिशपकडे तक्रारी गेल्या, शेजारीं प्रतिस्पर्धी गांव उभें करण्याचे प्रयत्न झाले, नाहीं नाहीं त्या कंड्या पिकल्या. पाद्रीबोवांचा स्वभावहि शिपाईबाण्याचा. हुकूम सोडण्याची संवय सुटली नव्हती. बिशप कॅरोल मात्र अखेरपर्यंत त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. कामाचा रगाडा थांबला नाहीं. मैलोन्‌मैल घोड्यावरून हिंडून आजाऱ्याच्या उशाशीं जाणें, रविवारीं इंग्रजींत आणि जर्मनींतहि प्रवचन करणें, भांडणें मिटविणें, अनाथ मुलें सांभाळणें. एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकानें व्यासपीठावरून कॅथलिकांवर टीका केली, तेव्हां १८१६ मध्यें त्यांनीं कॅथलिक तत्त्वांच्या समर्थनाचें एक पुस्तक इंग्रजींत लिहिलें; तें पुष्कळ वाचलें गेलें. बिशपपदासाठीं त्यांचें नांव अनेकदां निघालें, पण लॉरेटो सोडून जाण्यास ते राजी झाले नाहींत.

१८२७ सालीं कर्जाचा बोजा इतका वाढला कीं, त्यांना उघड मदतीची याचना करावी लागली. देणगीदारांत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे कॅरोल्टनचे चार्ल्स कॅरोल होते, आणि पुढें पोप झालेले रोमचे एक कार्डिनलहि होते. रशियाच्या वकिलानें एकदां मोठी रक्कम उसनी दिली, आणि नंतर भोजनोत्तर धूम्रपानाच्या वेळीं तोच कर्जरोखा मेणबत्तीवर धरून त्यानें आपली चिरूट पेटविली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ती रचावीशी वाटावी इतकें त्या रोख्यांचें ओझें होतें. लॉरेटोच्या वसाहतींत त्यांनीं पदरचे सुमारें दीड लाख डॉलर घातले असा अंदाज सांगतात.

मरणापूर्वीं त्यांनीं बहुतेक सारें देणें फेडलें. ६ मे १८४० रोजीं लॉरेटो येथेंच त्यांचा अंत झाला. ओंडक्यांच्या देवळाच्या जागीं पुढें दुसरीं देवळें आलीं. आजचें दगडी सेंट मायकेल चर्च १९०१ मध्यें पुरें झालें, तें लॉरेटोंत लहानाचा मोठा झालेल्या चार्ल्स श्वाब या पोलादाच्या कारखानदाराच्या पैशानें. २००५ सालीं रोमनें गॅलिट्झिन यांना ‘देवाचा सेवक’ ही पदवी दिली. संतपदाच्या वाटेवरील ती पहिली पायरी. लॉरेटोपासून थोड्याच अंतरावर त्याच डोंगराच्या पोटांतून आगगाडीचे बोगदे गेले आहेत. बोगद्यावरील त्या गांवाचें नांव स्मिथ नाहीं, गॅलिट्झिन आहे.