झेनरच्या जोडीचा रोधक

पाण्याच्या टाकीला वरच्या कडेशीं एक भोंक ठेवलेलें असतें. नळ सोडून आपण विसरलों तरी टाकी त्या भोंकापर्यंतच भरते. वरचें पाणी तेथून वाहून जातें. विजेच्या बाबतींत हेंच काम झेनर डायोड करतो. तो उलटा जोडला, म्हणजे पट्टा असलेलें टोंक धनाग्राकडे ठेवलें, कीं ठराविक दाबापर्यंत तो जवळजवळ कांहींच प्रवाह वाहूं देत नाहीं. तो दाब गांठतांच मात्र जादा प्रवाहाला वाट करून देतो आणि आपल्या दोन टोंकांमधील दाब फारसा वाढूं देत नाहीं. घन विद्युद्रोधकांतून प्रवाह अकस्मात् कसा फुटतो याची उपपत्ति क्लॅरेन्स झेनर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३४ मध्यें मांडली, म्हणून हें नांव. सुमारें ६ व्होल्टांहून अधिक दाबाच्या डायोडांत मुख्यतः निराळीच क्रिया घडते, तरी तेही झेनरच म्हणविले जातात. नांवाचें भाग्य असें असतें!

पण टाकीचें भोंक बेताचें आणि नळ मोठा असेल तर? टाकी कांठावरून वाहील. झेनर तर अशा वेळीं जळूनच जातो. म्हणून त्याच्या आधीं एक रोधक बसवून नळ अरुंद करावा लागतो. तो फार अरुंद झाला तर मात्र टाकी भोंकापर्यंत भरतच नाहीं, आणि भोंक असून नसल्यासारखें होतें. निवड करावयाची ती या दोहोंमध्यें.

मीं ती प्रथम चुकीची केली. घरच्या पाण्याची पातळी दाखविणारें एक लहानसें यंत्र केलें होतें. त्याला ५ व्होल्टांचा दाब आणि फार तर २० मिलिअँपिअर प्रवाह लागे. इन्व्हर्टरची १२ व्होल्टांची बॅटरी घरांत होतीच. ५.१ व्होल्टांचा झेनर आणला. बारांतून ५.१ वजा जातां ६.९ व्होल्ट उरले. यंत्राला २० आणि झेनरला जागें राहण्यापुरते ५, मिळून २५ मिलिअँपिअर. भागाकार केला, २७६ ओहम आले. दुकानांत २७० चा मिळाला, तो बसविला. गणितांत चूक नव्हती. चूक त्या 'बारा' या आंकड्यांत होती.

बारा व्होल्टांची बॅटरी बारावर क्वचितच असते. ती भरली जात असतां १४.४ पर्यंत चढते, आणि वीज जाऊन दिवे-पंखे तिच्यावर चालले कीं ११ पर्यंत उतरते. एके रात्रीं वीज बराच वेळ गेली. बॅटरी ११ वर आली, तेव्हां २७० ओहमांतून येणारा प्रवाह झाला अवघा २१.९ मिलिअँपिअर. त्यांतले २० यंत्रानें घेतले. झेनरच्या वांट्याला दोनही आले नाहींत. त्याची पकड सुटली, दाब ढळला, आणि यंत्र जवळजवळ रिकामी टाकी अर्धी भरलेली दाखवूं लागलें. सकाळीं घरांतील मंडळींनीं माझ्या विद्वत्तेविषयीं जें मत दिलें तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

तेव्हां हिशेब मांडावयाचा तो आवक सर्वांत कमी आणि मागणी सर्वांत जास्त धरून. ११ उणें ५.१ म्हणजे ५.९ व्होल्ट, त्याला ०.०२५ अँपिअरनें भागलें कीं २३६ ओहम येतात. बाजारांत नेमका असा रोधक मिळत नाहीं. खालचा २२० चा घ्यावा. लाल, लाल, तपकिरी आणि शेवटीं सोनेरी पट्टा. सोनेरी पट्ट्याचा अर्थ शेंकडा ५ चा फरक संभवतो असा. तो वरच्या बाजूला पडला तरी २३१ होतील, म्हणजे अजून मर्यादेच्या आंतच.

आतां दुसरें टोंक पाहूं. बॅटरी १४.४ वर आहे आणि यंत्र काढून ठेविलें आहे. रोधकावर ९.३ व्होल्ट पडतात, ४२ मिलिअँपिअर वाहतात, आणि ते सारे झेनरलाच पोटांत घालावे लागतात. त्याच्या अंगांत सुमारें ०.२२ वॉट उष्णता होते. अर्ध्या वॉटाचा झेनर ती सोसतो. रोधकांत मात्र ०.३९ वॉट होते. पुष्कळ जण हातीं येईल तो पाव वॉटाचा रोधक लावतात आणि पुढें तो काळा कां पडला म्हणून विचारतात! येथें १ वॉटाचाच हवा. झेनर बिघडून आंतल्या आंत जोडला गेला, तर सगळे १४.४ व्होल्ट या रोधकावर येतील, आणि तेव्हांही उष्णता ०.९४ वॉटच होईल. उलट झेनरचा सांधा सुटला तर यंत्रावर ५ ऐवजीं पावणेआठ व्होल्टांच्या आसपास दाब येऊं शकतो. म्हणून सांध्याचें डांक पक्कें असावें.

ही व्यवस्था उधळी आहे, हें कबूल केलें पाहिजे. यंत्र चालो वा न चालो, बॅटरींतून तीस-चाळीस मिलिअँपिअर जातच राहतात. शें-दोनशें मिलिअँपिअर लागणाऱ्या यंत्राला हा मार्ग योजूं नये. त्यासाठीं ७८०५ सारखा तीन पायांचा नियामक बरा.

रोधक बदलल्यावर मीं मुद्दाम बॅटरी ११ पर्यंत उतरूं दिली आणि मीटर लावला. रोधकावर ५.९ व्होल्ट होते. म्हणजे जवळजवळ २७ मिलिअँपिअर येत होते, यंत्र २० घेत होतें, आणि झेनरसाठीं ७ शिल्लक राहत होते.