फोन द्राक्षाच्या कामाला गेला

(हरसूल इथे इंग्रजीचे शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी शिक्षक नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. तुमच्यासमोर उभं राहायचं कारण एवढंच, की वर्गातल्या तंत्रज्ञानाची एक चूक माझ्या हातून झाली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी मुलांसाठी इंग्रजी वाचनाचं ॲप बनवलं. चित्रं, आवाज, उत्तर बरोबर आलं की टाळ्या. लॉगिनला वडिलांच्या मोबाईलवर ओटीपी. आमच्या टेबलावर झकास चालायचं. याच भागातल्या एका पाड्यावर दिलं आणि दिवाळीनंतर वापर एकदम थांबला. मी दोन आठवडे कोडमध्ये बग शोधला. शेवटी तिथल्या बाई म्हणाल्या, "दादा, मायबाप दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला गेलेत. फोन त्यांच्यासोबत गेला."

त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याहून माणसं दरवर्षी दिंडोरी-निफाडला जातात, हे नाशिकमध्ये वाढलेल्या मला माहीत होतं. ती द्राक्षं मी खातोच. कोड लिहिताना मात्र आठवलं नाही.

म्हणून तुमच्या पाठ टाचणात एक रकाना वाढवा: लाईट, नेट, फोन यातलं काही नसेल तर काय? पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा मजकूर दीक्षा ॲपमध्ये आधीच उतरवून ठेवता येतो, मग वर्गात नेट लागत नाही. तो आदल्या रात्री उतरवा, मुलं समोर बसल्यावर नको.

आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं यंत्र तुमच्या खिशात आहे, आवाजाचा रेकॉर्डर. मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, बोलताना फारसं पाळत नाही. त्यामुळे 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी आपल्या तोंडी एकच होतात. गाईडात देवनागरीत उच्चार छापून हे सुटत नाही, कान तयार व्हावा लागतो. मुलाचा आवाज रेकॉर्ड करा, त्यालाच ऐकवा, मग शब्दकोशातला ऐकवा. पण आधी स्वतःचा ऐका. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना मी 'व' म्हणतो, हे पहिल्या नोकरीत क्लायंटने तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. तोवर एकाही शिक्षकाने सांगितलं नव्हतं. त्यांनाही कुणी सांगितलं नसणार.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. माझी पिढी त्याआधीची, इंग्रजी पाचवीत भेटलं. घरी दखनी, शाळेत मराठी. घरच्या बोलीमुळे 'झेड' मला फुकटात आला होता. बाकी वर्ग 'झू' म्हणताना 'झाडा'तला 'झ' काढायचा, मी 'ज़मीन'मधला. बाईंनी मला वर्गासारखं म्हणायला लावलं! इथल्या पोरांच्या घरात कोकणा आहे, वारली आहे. ती काय घेऊन वर्गात येतात, ते कोणतंही ॲप तुम्हाला सांगणार नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. सगळ्यांना त्यांचे क्यूआर कोड आठवतात. त्यांच्या शाळेतली मुलं घरी कन्नड बोलायची. डिसलेंनी कन्नड शिकून घेतली, पुस्तकं मुलांच्या भाषेत नेली आणि त्यांना कोड जोडले. कन्नडची गोष्ट फारसं कुणी सांगत नाही.

बरं, जोडीने बसलाच आहात. फोन काढा, नेट बंद करा. 'शिप' आणि 'शीप' उलटसुलट क्रमाने दहादा रेकॉर्ड करा आणि शेजाऱ्याला ओळखायला लावा. पाच मिनिटं देतो.